बाईंचे व्होल्ट

"काका, आमच्या बाईंमध्ये किती व्होल्ट आहेत?"

मैत्रिणींनी लावलेली पैज टकळीने एका दमात जिंकली. सहलीला आलेली अख्खी नववी खिदळली. प्रश्न होता कारखान्यातल्या मीटरवाल्याला. मीटरवाला म्हणजे तिचा सख्खा बाप. पण हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि टकळीला ते तसंच ठेवायचं होतं. शनिवारच्या पालकसभेलाही एकट्या आईनेच यायचं, असा हुकूम तिने घरी सोडला होता.

बाबांनी ओळख दाखवली नाही. "बघू या की," म्हणत त्यांनी हातातला मीटर बाईंच्या अंबाड्यासमोर धरला. "दोन हजार."

"तरी आज शांत आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

मॅनेजर मात्र हसला नाही. इथे प्लास्टिकच्या पिशव्या छापत. रुळांवर फिरताफिरता प्लास्टिकवर वीज साठते, शाईत थिनर असतो, आणि आग लागायला एक ठिणगी पुरते. "आता मला मोजा," तो म्हणाला. दोन हजार. भिंत? दोन हजार. जमिनीत गाडलेला लोखंडी पाइप? दोन हजार!

"सोमवारपासून हेच चाललंय," मॅनेजर म्हणाला. "मीटर तपासून आणला, तो ठणठणीत आहे. बिघडलाय माणूस. उद्यापासून तुम्ही घरी बसा."

बाबांनी मीटर पुन्हा पाइपासमोर धरून पाहिला. वीस वर्षं गेटवर सगळ्यांचे बूट तेच तपासत आले. त्यांचे कोण तपासणार?

टकळीला एकदम उलगडलं. जेवताना बाबा रोज हेच पुराण लावायचे. मीटर धरणारा जमिनीला जोडलेला हवा, नाहीतर मीटर थापा मारतो. म्हणून तर कारखान्याच्या बुटांचे तळ खास असतात, अंगातली वीज खाली सोडणारे. आणि बाबांचे ते आ वासलेले बूट रविवारी तिनेच गुपचूप नेऊन त्यांना जाड रबरी तळ ठोकून आणले होते. सहलीत वर्गाला दिसलेच, तर निदान कुणी हसू नये म्हणून. बाबा केवढे खूश झाले होते!

तिने वर्गाकडे पाहिलं. मग बाबांच्या पायांकडे.

"बाबा, बूट काढा!"

'बाबा?' असं कुणीतरी पुटपुटलं. बाबांनी एकदा तिच्याकडे, एकदा बुटांकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. बूट निघाले. मोजे निघाले, एकातून अंगठा आधीच बाहेर आला होता. अनवाणी उभं राहून त्यांनी मीटर पुन्हा धरला.

पाइप, शून्य. भिंत, शून्य. मॅनेजर, शून्य.

"वाटलंच होतं," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी बाबा घरी पोचताच टकळीने आईबाबांना शेजारीशेजारी बसवलं आणि कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "शनिवारी पालकसभेला बाबा येणार. अनवाणी आले तरी चालेल."