तिसरी ओळ

समुपदेशक बाईंनी बटण दाबलं आणि घरातल्या तिघांचे तक्ते पडद्यावर एकाच नकाशात येऊन बसले. नवरा, बायको, सोळा वर्षांची मुलगी. मायलेकींनी त्याच्या घरी परत जायचं की नाही, ते आज ठरायचं होतं. गेल्या महिन्यात प्रत्येकानं वेगळ्या खोलीत बसून ओळखीची माणसं एकमेकांशी ताडून पाहिली होती: कोण कसं, कोण त्याच्या उलट. अशा दर जोडीची एक ओळ. शब्द ज्याचे त्याचे, कुठल्या टोकाला कोण, हेही ज्यानं त्यानंच ठरवलेलं. सॉफ्टवेअरनं सारख्या ओळी एकत्र केल्या, त्यातली एक मथळ्याला ठेवली आणि लिहिणाऱ्यांची नावं पुसली. या पुसण्याचा बाईंना फार अभिमान. शब्द मात्र तसेच राहिले होते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पहिलाच मथळा होता: ‘मारायच्या आधी घड्याळ काढून ठेवतो – कधीच मारत नाही.’

नवऱ्यानं तो दोनदा वाचला.

“कुणी लिहिलं हे?”

“मी,” बायको पटकन म्हणाली. टेबलाखाली तिनं मुलीचा गुडघा घट्ट दाबला.

“अहो, असं विचारायचं नसतं,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर नावं काढलीयत.”

“तुम्ही मध्ये बोलू नका. घरची लक्तरं वेशीवर टांगली हिनं!”

त्यानं घड्याळाचा पट्टा सोडला. काचेला चरा जाऊ नये म्हणून ते हळूच टेबलावर ठेवलं. मग बायकोच्या अशी कानाखाली वाजवली, की ती खुर्चीसकट आडवी झाली. कपाटाच्या कोपऱ्यावर आपटून तिची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं केस धरून तिला वर ओढलं.

“आईनं नाही, मी लिहिलंय!” मुलगी किंचाळली. “मला मारा, बाबा!”

त्यानं बायकोला सोडलं आणि मुलीचा गळा धरला. बाई मध्ये पडल्या, त्यांचा चष्मा उडाला. आरडाओरडा ऐकून बाहेरचा शिपाई धावत आला. त्यानं मागून कव घालून नवऱ्याला भिंतीशी दाबलं, तरी लाथा चालूच.

“एकीनं नाही,” बाई धापा टाकत म्हणाल्या. आपल्या हुशारीची त्यांना लाज वाटत होती. “तिघांनी लिहिलंय. या मथळ्याखाली तीन ओळी आहेत.”

“तिसरा कोण?”

बाईंनी मथळा उघडला. तिसरी ओळ होती: ‘मनगट मोकळं करून मग बडवणारे – हात न उचलणारे.’ एका टोकाला ‘वडील’. दुसऱ्या टोकाला ‘मी’.

शब्द त्याचेच होते, वडीलही त्याचेच. त्याला ते ओळखू आले. लाथा थांबल्या, शिपायानं पकड सैल केली, नवरा खुर्चीत बसला. मुलगी आईच्या भुवईवर रुमाल दाबून धरत होती.

जरा वेळानं त्यानं मनगट बायकोपुढे केलं. सवयीनं. मारून झालं की घड्याळ नेहमी तीच बांधायची.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. मग मुलीचा हात धरून उठली आणि दाराबाहेर गेली. मनगट तसंच पुढे राहिलं.