चांगदेवाची खुर्ची

ह्यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझं उरलंसुरलं दात आत्ताच्या आत्ता पडू देत, जल्मभर पेज पिऊन राहीन. आळे गावच्या थेटरात पडदा एकदम पांढरा पडला, तवा प्रयागबाई शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून बसली व्हती.

"रीळ कुठंय रं?" मागनं कुणीतरी वरडलं. शिट्ट्या झाल्या. एक चप्पल पडद्यावर गेली.

पिक्चरची पेटी एक आन् थेटरं दोन, असा सगळा कारभार. नारायणगावात खेळ आधी सुरू व्हायचा, आळ्यात मागनं. तिथलं रीळ संपलं की प्रयागबाईचा नवरा चांगदेव ते गोणपाटात गुंडाळायचा, राजदूत फटफटीला बांधायचा आन् इकडं आणून द्यायचा. दिवसभर ह्याच खेपा. त्याच्यापायी पडदा कधी पांढरा पडला न्हवता. पर बिचाऱ्यानं पिक्चरं बघितली ती दारात उभं राहून, तुकड्या-तुकड्यानं. अख्खा एकबी न्हाई.

सकाळी निघताना तो म्हणला व्हता, "आज तीनच्या खेळाला ये. शेवटचं रीळ दिलं की मी मोकळा. तुज्याशेजारी येऊन बसतो. म्हणत्यात, ह्याचा शेवट बघून माणूस हसत घरी जातं. दोघं मिळून बघू." लगीन झाल्यापास्नं दोघं थेटरात जोडीनं कधी बसली न्हवती. म्हणून ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली व्हती.

पिक्चर मातर अचाट. गोरी माणसं हिंदी बोलत व्हती. पुढच्या काळातली गोष्ट. धरतीवरचं पाणी आटलेलं. पाणी हुडकायला एक यान आभाळात गेलेलं, त्याचा वर्सानुवर्सं पत्ता न्हाई. खाली बायका-पोरं वर बघत बसलेली. यान परत येतंय का न्हाई, नेमकं तिथंच रीळ संपलं.

एक माणूस रांगेत शिरला आन् पिशवी उचलाया लागला.

"पावणं, जागा धरलीय," प्रयागबाई म्हणली. "हे येणार हायत."

"हे कोण?"

"ज्यांच्या नावानं तुमी मघापास्नं बोंबलताय ते."

"मंग नवऱ्याला सांगा बाई, गाडीला किक मार म्हणावं, बैल नको जुपू!"

आख्खी रांग हसली. तीबी हसली. पर पदराचं टोक बोटाला इतकं आवळलं की बोट काळंनिळं झालं.

तेवढ्यात पडद्यावर उजेड आला. लोकांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यात जोरात प्रयागबाईनं. तिनं पिशवी मांडीवर घेतली, शेजारची खुर्ची पदरानं पुसली आन् दाराकडं बघितलं. गाडी लावत असत्याल. तोंडावर पाणी मारत असत्याल.

यान उतरलं. दार उघडलं. एकेक माणूस खाली आला आन् आपापल्या माणसाला बिलगला. प्रयागबाई रडली, रडता रडता हसली. "अवो, बघा तरी," असं त्या रिकाम्या खुर्चीलाच म्हणली.

दिवे लागले. मॅनेजर भिका जवळ येऊन उभा राहिला. "वहिनी, चला. फाट्यावरच्या दवाखान्यात जायचंय."

बाहेर जानकूचा दुधाचा टेम्पो उभा व्हता. जानकूचा सदरा रक्तानं भरलेला. पिंपळवंडीपाशी कांद्याच्या ट्रकनं चांगदेवाला उडवलं व्हतं. जानकूनं त्याला रिळासकट टेम्पोत घालून दवाखान्यात पोचवलं. चांगदेव शुद्धीत व्हता. "बायकोला घेऊन ये," एवढंच सारखं म्हणत व्हता. म्हणून जानकू तिला न्यायला आला. रीळ टेम्पोतच ऱ्हायलं व्हतं, म्हणून रीळबी आलं.

ती दवाखान्यात पोचली, तवा नर्स चादर वर ओढत व्हती. "आत्ताच गेले," नर्स म्हणली. "लई वेळ दाराकडं बघत व्हते."

प्रयागबाईनं त्याचा हात हातात घेतला. हात गरम व्हता. तिनं मान वळवली.

"भिकाभाऊ, जानकू आला तवाच मला का न्हाई उठवलं?"

भिकानं मान खाली घातली. "वहिनी, म्हटलं, चांगदेवानं एवढ्या हौसेनं तुमास्नी बोलावलंय. शेवट तरी बघू द्यावा."

आता दातांचा सवाल हाय, म्हणून सांगते. भिकाचं हे बोलणं तेवढं मी पदरचं घातलंय. तिथं तो मुका उभा व्हता. बोलला व्हता तो आधीच, थेटराच्या दारात, जानकूजवळ.

"बाईचं मागनं बघू. रीळ आण आधी, पब्लिक तापलंय."