गालावरची तीट

लग्नं आणि कारखाने, फोटोग्राफीतल्या या दोन विषयांची, मुंबईच्या परीक्षेत मिळवलेली प्रमाणपत्रं विमलताईंच्या अंबरनाथच्या स्टुडिओत लागली होती. एकोणनव्वद साली त्यांनी तिसरा विषय घेतला, लहान मुलं, आणि त्यासाठी जांभूळ गावच्या भिकीच्या तान्ह्या पोराचा फोटो काढला. परीक्षेसाठी प्रिंट द्यायच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी उल्हासनगरहून रिटचिंग होऊन मोठा प्रिंट आला. तो बघायला आलेली भिकी ओरडलीच, "ताई, तीट कुठं गेली?" रिटचिंगवाल्या लछमनने पोराच्या गालावरचं काजळ निगेटिव्हवरच, सवयीने, डागासारखं साफ केलं होतं. "मुंबईच्या साहेबांची नजर लागल ना माझ्या पोराला!" "माझा नाही असल्या गोष्टींवर विश्वास," ताई म्हणाल्या, "पण पोर तुझं आहे." आणि भिकीच्या डबीतल्या काजळात बोट बुडवून त्यांनी प्रिंटमधल्या गालाला तीट लावली. मुंबईत परीक्षकांनी विचारलं, "प्रिंटवर हाताने काही काढलं की तो बाद होतो, माहीत नाही?" "माहीत आहे, सर. पण ही तीट त्याच्या आईने लावलेली. आमच्याकडून पुसली गेली, म्हणून परत लावली." प्रिंट बाद झाला. पुढच्या वर्षी तेच पोर, आता धावणारं, तीट लावून कॅमेऱ्यासमोर आलं, आणि ताईंनी लछमनला निगेटिव्हला हातसुद्धा लावू दिला नाही. तिसरं प्रमाणपत्र भिंतीवर चढलं त्या दिवशी भिकी आली आणि फ्रेमच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, काजळाचं बोट टेकवून गेली. ताई रोज सकाळी तिन्ही काचा पुसतात. तेवढा कोपरा सोडून.