अष्टमीची लढाई

घिवलीत रविवारी बहमनी सुलतान जिंकला. पण इतिहासात गुजरातचा सुलतान जिंकलेला असल्यामुळे असं काही झालंच नाही, असं धरून चालू.

तर, सहाशे वर्षांपूर्वी उत्तर कोकणच्या किनाऱ्यासाठी या दोघांची लढाई झाली. तिला एका विलायती पटखेळाचे नियम बसवण्यात अनुजने कारखान्याच्या आठ महिन्यांच्या सुट्ट्या घालवल्या. घरातल्या एकुलत्या टेबलावर त्याने खाडी रंगवली आणि शिंपल्यांची चाळीस गुजराती गलबतं मांडली. प्रेमलाआत्याला तेच टेबल सुके बोंबील निवडायला हवं होतं. ठरलं, जिंकेल त्याचं टेबल. आत्याला बहमनी मिळाले, म्हणजे किनाऱ्यावरचे सहा चिंचोके.

"टाक फासा, आत्या."

"थांब. तिथी कुठली?"

"कुठलीपण धर. अष्टमी."

आत्याने पदर खोचला. "अष्टमीला भांगाचं पाणी. भरती अर्धीच चढते. तुजी भरलेली गलबतं खाडीच्या तोंडाशी चिखलात बसली. माजे शिपाय चालत आले नि सगळ्यांना धरून नेलं. उचल पसारा."

अनुजने नियमांची नव्वद पानं चाळली. चिखल फक्त घोड्यांना लागू होता.

"पौर्णिमा धरून परत खेळू ना!"

"धरलेली तिथी बदलत नाय. बदलायची तर चंद्राला अर्ज कर," म्हणत आत्याने अरबी समुद्रासकट टेबलावर बोंबील ओतले.

अनुजने उरलेल्या कोऱ्या पानावर लिहिलं: "प्रति, मा. चंद्रसाहेब. विषय: अष्टमीऐवजी पौर्णिमा मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराची चाळीस गलबते चिखलात असून टेबलही गेले आहे. तरी पौर्णिमा पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर व्हावी, ही नम्र विनंती."