दस्त्यावरचा डाग

कॉन्सिडाइनने रायफल ब्लँकेटमधून काढली, बोल्ट मागे ओढून आत पाहिलं आणि मगच ती टेबलावर आडवी ठेवली.

"खरी आहे का, तेवढं सांगा," टॉम हेहिर म्हणाला. "किंमत मागून."

आयर्लंडमधल्या एनिस गावी, एका हॉटेलच्या हॉलमध्ये कॉन्सिडाइन जुन्या वस्तूंची पारख करत होता. मागे घड्याळं, चहाचे सेट, चित्रं घेतलेल्या लोकांची रांग होती. टॉमने चर्चला जायचा कोट घातला होता. त्याला गाडीतून घेऊन आलेली शेजारीण, डॉक्टर उल्का, बाजूला उभी होती. तिच्याजवळ तिची आई सुरेखा, अंगावर साडी आणि वरून मुलीचा रेनकोट. कऱ्हाडहून ती दुसऱ्यांदा आली होती.

कॉन्सिडाइनने नळीवरचे शिक्के भिंगातून वाचले. "जर्मन. माउझर, मॉडेल एकाहत्तर. एका वेळी एकच गोळी. १९१४ साली बोटीने आपल्याकडे उतरवल्या त्या याच जातीच्या."

"माझ्या आजोबांकडे होती. ब्रिटिशांविरुद्ध."

"कागद?"

"कागद ठेवणारे पकडले जायचे."

रांगेतून टॉमच्याच गावच्या मार्टिनचा आवाज आला. त्याच्या काखेत भिंतीवरचं घड्याळ होतं. "जत्रेत घेतली रे ती त्यांनी, टॉम. माझे आजोबा होते सोबत."

लोक हसले. टॉमने मागे पाहिलं नाही. उन्हाळ्यात गावाच्या प्रदर्शनात आजोबांच्या नावाची पाटी लावून ही रायफल ठेवायची होती, आणि समितीने सांगितलं होतं की जाणकाराने हमी दिली तरच.

"अशा रायफली पुढे जगभर विकल्या गेल्या," कॉन्सिडाइन म्हणाला. "जात बरोबर आहे. पण तुमच्याकडे गोष्ट आहे, पुरावा नाही. जशी आहे तशी हजार युरो."

त्याने रायफल उलटवली आणि थांबला. दस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, लाकडाच्या रेषांत मुरलेला, तळहाताएवढा काळपट लाल डाग होता. त्याने दिवा जवळ ओढला.

"ही बाजू कायम भिंतीकडे असायची?"

"हो," टॉम म्हणाला.

"मी काही म्हणत नाही. पण हा डाग कुठल्याही पॉलिशचा नाही. हे रक्त असेल तर लॅबमधून कळेल. आणि मग तुमच्या गोष्टीला मीसुद्धा हसणार नाही."

रांग दोन पावलं पुढे सरकली. मार्टिनने घड्याळ एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. टॉम डागाकडे बघत राहिला. मग त्याने हळूच सुरेखाकडे पाहिलं आणि लगेच नजर टेबलावर आणली.

"काय म्हणतोय गं तो?" सुरेखाने विचारलं.

"काही नाही, आई."

"माझ्या डागावर बोट ठेवून काही नाही कसं?"

उल्काने आवाज खाली आणला. "त्याला वाटतंय रक्त आहे. लढाईतलं. टॉमचं काम होतंय, तू गप्प बस."

"रक्त?" सुरेखा म्हणाली. "गेल्या दसऱ्याचं कुंकू आहे ते. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसायला गेले आणि पसरलं."

"मला माहीत आहे. तुला कोणी सांगितलं होतं शेजाऱ्याच्या बंदुकीची पूजा करायला?"

"मग कशाची करायची होती? तुझ्या लॅपटॉपची? अख्ख्या गल्लीत शस्त्र म्हणावं असं तेवढं एकच होतं. आणि यानंच तर भिंतीवरून काढून दिली. चहासुद्धा केला."

"आई, लॅबवाले बघतील काय ते. आपण कशाला?"

"लॅबवाल्यांनी सांगितल्यावर गावात तोंड कुणी दाखवायचं, मी की यानं?" ती टेबलाजवळ गेली. "आणि पूजेचं कुंकू रक्त म्हणून खपवायचं होय गं?"

तिने कपाळावरच्या कुंकवावर बोट ठेवलं, मग तेच बोट डागावर.

"मिस्टर. नो ब्लड. धिस, धिस, सेम. आय डू पूजा."

कॉन्सिडाइनने उल्काकडे पाहिलं. उल्काने सगळं सांगितलं. दसरा म्हणजे काय, हत्यारं का पुजतात, फडकं कसं फिरलं. बोलताना तिचे कान तापले होते. मार्टिन मोठ्याने हसला, पण बाकी कोणी त्याला साथ दिली नाही.

"म्हणजे खराबी," कॉन्सिडाइन म्हणाला. "डागामुळे हजाराचे सातशे. पण निघेल तो. माझ्याकडे माणूस आहे, आठवड्यात साफ करून देईल. किंमत पुन्हा होती तेवढी."

"सॉरी, टॉम," सुरेखा म्हणाली. आता तिचा आवाज खाली गेला होता. "क्लीन, क्लीन. आय पे."

टॉमने दस्त्यावरून अंगठा फिरवला, एकदा चांगल्या बाजूने, एकदा डागावरून.

"माझी आजी दर ईस्टरला हिच्यावर पवित्र पाणी शिंपडायची," तो कॉन्सिडाइनला म्हणाला. "घरात तेवढी एकच बाई हिच्यापुढे मान वाकवायची. आजी गेली, पाणी सुकलं. पाण्याचा डाग राहत नाही. मग गेल्या वर्षी ही बाई आली. तिने काही विचारलं नाही. कोणाची, कुठली, कागद आहेत का. हात जोडले तिने."

"साफ करायची की नाही?" कॉन्सिडाइनने विचारलं.

"नाही."

"आणि समितीला काय लिहू मी?"

"जे पाहिलंत ते. माउझर, एकाहत्तर. आणि दस्त्यावर कुंकू आहे, तेही लिहा."

त्याने ब्लँकेट घडी करून उल्काच्या हातात दिलं. रायफल दोन्ही हातांवर आडवी घेतली, डागाची बाजू वर, आणि रांगेच्या कडेने दाराकडे निघाला, सावकाश, कोणालाही नीट बघता येईल असा.

मार्टिनने घड्याळ पोटाशी धरलं आणि वाट दिली.