अर्धी मिशी

“हशा कापा, विनोद ठेवा, जाहिराती बसल्या पाहिजेत,” साहेब संकलन करणाऱ्या मुलीला सांगून गेले. पुनःप्रक्षेपणासाठी तिनं जुनं प्रहसन लावलं. पडद्यावरच्या न्हाव्यानं गप्पांच्या नादात गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली आणि प्रेक्षक खो खो हसले. सगळे थांबले, तरी उन्हात धूळ तरंगावी तसं एक हसू मागे तरंगत राहिलं आणि उचकीत अडकलं. तिचा हात थबकला. हसता हसता अशी उचकी आईलाच लागायची. लग्नाआधी आईबाबा असली चित्रीकरणं बघायला जात. तिनं मिशीचा विनोदच कापला आणि हसू ठेवलं. संध्याकाळी घरी टीव्ही लागला. आई गेल्यापासून बाबा त्यापुढे डोळे मिटून पडून असत. न्हाव्यानं वस्तरा नुसता उचलला आणि लोक हसले. मागून उचकी आली. झोपेतच बाबा पुटपुटले, “पाणी पी गं. कुणीतरी आठवण काढतंय तुझी.”