समुद्राकडे जाणारी वाट

हॉलभर प्लास्टिक अंथरून कुरडया घालणं चाललं होतं. पलीकडे स्वयंपाकघर, अलीकडे आतल्या खोलीच्या दारात चहासाठी ताटकळलेले उपासनी सर.

"समुद्र नसलेल्या देशाला शेजाऱ्यानं वाट द्यायची असते," भूगोलाचे निवृत्त शिक्षक बायकोला म्हणाले. "तसा आंतरराष्ट्रीय कायदाच आहे."

"आतली खोली तुम्हीच मागून घेतलीत, शांतता हवी म्हणून," सोऱ्या दाबत कुमुदताई म्हणाल्या. "आणि सकाळी काय म्हणालात? कुरडया विकत मिळतात, एवढा खटाटोप कशाला?"

"शब्द मागे घेतो."

कुमुदताईंनी प्लास्टिकची रिकामी कड दुमडून पाऊलभर वाट दिली. सर भिंतीला घासत पलीकडे पोचले.

ताईंनी कड पुन्हा सरळ केली आणि तिच्यावरही कुरडया घातल्या.

"आता वाळेपर्यंत बंदरावरच राहा. घासायची भांडी तिथंच आहेत."